मदत हवी आहे: शिवलेला टेंडन ताण-यंत्राच्या जबड्यातून निसटतो

सोलापुरात बोकडाच्या मागच्या पायाच्या फ्लेक्सर टेंडनवर (सांधा वाकवणारी कंडरा) चार पदरी केसलर टाक्याची (तुटलेला टेंडन जोडायची एक शिवण) ताकद मोजतोय. आतला टाका ३-० (धाग्याच्या जाडीचा नंबर) पॉलिप्रोपिलीन, कडेने ६-० चा धावता टाका. यूटीएमला (नमुना ओढून ताकद मोजणारं यंत्र) ५०० न्यूटनचा लोड सेल (बल मोजणारा भाग), सुरुवातीचा ताण २ न्यूटन, वेग मिनिटाला २० मिमी.

अडचण अशी, की ३५-४० न्यूटनला टेंडन जबड्यातून सरकतो. आलेख करवतीच्या दात्यांसारखा होतो, टाका मात्र जसाच्या तसा. जबडा जास्त आवळला की टेंडन जबड्याच्या कडेलाच कापला जातो. ८० नंबरचा सँडपेपर लावला, टोकाला गॉज गुंडाळून फेविक्विक टाकलं. ओल्या टेंडनवर ते धरतच नाही. मधला भाग सलाइनच्या गॉजमध्ये ठेवावाच लागतो, इथल्या उन्हाळ्यात तो बघता बघता वाळून कडक होतो.

टाक्यापाशी टेंडनच्या जोडलेल्या टोकांत पडणारी २ मिमी फट आम्ही टाक्याच्या दोन्ही बाजूंच्या शाईच्या ठिपक्यांवरून, व्हिडिओतून मोजतो. त्यामुळे सरकण्याने फटीचं माप बिघडत नाही, पण टाका तुटेपर्यंत ताण पोचतच नाही.

कोरड्या बर्फाने गोठवणारे जबडे चांगले हे माहीत आहे, पण रोजचा बर्फ परवडत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत जबडे बनवून घेता येतील. दोन्ही बाजूंना पकडायला ३ सेंमीच टेंडन उरतो.

एवढ्या लांबीत एकमेकांत बसणाऱ्या नागमोडी दात्यांचे जबडे पुरतील का? पुरत असतील तर दात्यांमधलं अंतर नि खोली किती ठेवू, आणि पकडीतलं टोक आधी वाळवलेलं चालेल का?