विषय: गावाकडची ती केस आणि लहान मुलीचा व्हिडिओ

प्रेषक: मंदार

मंडळी, सांगलीजवळच्या त्या सुनेची बातमी सगळ्यांनी वाचली असेलच. सासरचे म्हणतात गळफास घेतला, माहेरचे म्हणतात मारून टांगली. चुलतभावानं कळवलंय की गळ्याचं हाड मोडलंय, म्हणजे दाबूनच मारलं. नवऱ्यानं पोलीस ठाण्यात कबुलीही दिलीय म्हणे. सोबत तिच्या पोरीचा व्हिडिओ जोडलाय, काळजाचं पाणी होतं ऐकून. आणखी काय पुरावा पाहिजे? पुढे पाठवा.

प्रेषक: शुभदा

मी पेपरातला फोटो मोठा करून बघितला. पंखा आहे, साडी आहे, पण खाली स्टूल कुठाय? आणि दार आतून बंद होतं तर कडी धड कशी? मला तर यात सासूचाही हात दिसतो.

प्रेषक: अण्णा

मंदार, शुभदा,

चिरंजीवांनी मला मंडळाच्या या मेल-लिस्टवर घेतलं ते नाटकांच्या तारखा कळाव्यात म्हणून. पण सांगलीच्या कोर्टात सरकारी वकिली करण्यात जन्म गेला, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

हाड मोडलं म्हणजे दाबून मारलं, हे कुणी सांगितलं? ते फासातही मोडतं. उलट गळा दाबून मारलेल्या तरण्या बाईचं हाड कित्येकदा शाबूत असतं. डॉक्टर वळ बघतात. टांगल्याचा वळ सहसा तिरका, कानामागे वर चढलेला. आवळल्याचा आडवा, गळ्याभोवती फिरलेला. शिवाय नखांचे ओरखडे, रक्त अंगात कुठे साकळलंय ते. हे सगळं पीएमच्या, म्हणजे शवविच्छेदनाच्या, कागदात असतं, आणि तो कागद चुलतभावाच्या खिशात नसतो. व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, तपासणीसाठी राखून ठेवला असला तर डॉक्टरही मृत्यूच्या कारणाबद्दल ‘मत राखून’ एवढंच लिहितो आणि रासायनिक अहवालाची वाट बघतो.

पोलिसांपुढच्या कबुलीची कोर्टात किंमत शून्य. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता साक्ष्य अधिनियमाचं २३. कोठडीत असताना त्यानं सांगितलं आणि त्यावरून दोरी किंवा मोबाइल निघाला, तर तेवढाच भाग चालतो.

शुभदा, तो फोटो मीही बघितला. खोलीत चार माणसं चपला घालून उभी आहेत, एकाचा हात कपाटावर आहे. बॉडी खाली घेतल्यानंतरचा आहे तो. स्टूल कुणी उचललं, कडी कुणी कशी काढली, हे त्या चौघांना विचारायचं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी जागेवर यावं असं १ जुलै २०२४ पासूनच्या कायद्यात लिहिलंय. पण ते येईपर्यंत निम्मं गाव खोलीतून फिरून गेलेलं असतं.

घरात, चार भिंतींच्या आत झालेला खून शाबीतच होत नाही असंही नाही. नांदेडकडच्या त्रिमुख किरकन खटल्यात बायकोला साप चावला असं सांगितलं होतं, पीएममध्ये गळा दाबल्याचं निघालं. घरात काय झालं याचा खुलासा घरातल्यानंच द्यायचा, असं सुप्रीम कोर्टानं २००६ साली म्हटलं आणि शिक्षा कायम केली. दुसरीकडे पुण्याचा सारडा खटला घ्या. बायकोची पत्रं होती, विषाचा संशय होता, सेशन्स कोर्टानं फाशी दिली, हायकोर्टानं कायम केली. १९८४ ला सुप्रीम कोर्टानं सोडून दिला, कारण पुराव्यांची साखळी पुरी होत नव्हती. संशय कितीही दाट असो, तो पुराव्याच्या जागी बसत नाही, हे त्याच निकालात आहे.

आता तो व्हिडिओ. तो मी आवाज बंद करून परत बघितला. पोरगी बोलायच्या आधी दर वेळी कॅमेऱ्याच्या डावीकडे बघते. आवाज लावला की ती तिकडे का बघते ते कळतं: तिथून एक बाई विचारते, “पप्पांनी आईला काय केलं, सांग की.” या केसमध्ये डोळ्यांनी बघितलेलं कुणी असेल तर ती एकटीच. लहान मुलाची साक्ष चालते, वयाची अट नाही. पण आरोपीचा वकील पहिला प्रश्न टाकणार, ‘तुला कुणी शिकवलं?’ आणि हा व्हिडिओच कोर्टापुढे ठेवणार. मी समोरच्या बाजूला असतो तर मीही तेच केलं असतं. तिच्या आईला न्याय मिळावा म्हणून तुम्ही जे पाठवताय, त्यानंच नवरा सुटेल.

आणि बालन्याय कायद्याचं कलम ७४ वाचा. साक्षीदार मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथं तर तिच्या शाळेचा गणवेशही दिसतोय.

प्रेषक: सचिव

व्हिडिओ लिस्टच्या साठ्यातून काढला आहे. ज्यांनी उतरवून घेतला त्यांनी पुसून टाकावा. या केसवरचे तर्क इथे थांबवूया.

प्रेषक: मंदार

अण्णा, मग आम्ही लांब बसून करायचं तरी काय? त्या सुनेच्या आईवडिलांना वकील परवडणार नाही. मंडळातून पैसे जमवू का?

प्रेषक: अण्णा

खटला सरकार चालवतं, त्याला पैसे लागत नाहीत. माहेरच्यांना सरकारी वकिलाच्या मदतीला आपला वकील देता येतो, त्यासाठी आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा म्हणावं. पोरीचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर लवकर नोंदवा, असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. तोवर तिला कुणीही, आजीनंसुद्धा, काही विचारायचं नाही.

प्रेषक: शुभदा

अण्णा, तो व्हिडिओ माझ्या सासूबाईंनी आमच्या भावकीच्या ग्रुपवर टाकलाय. मी सांगितलं तर घरात महाभारत होईल.

प्रेषक: अण्णा

त्यांचा नंबर मला वेगळ्या मेलनं पाठव. संध्याकाळी फोन करतो.