प्रोग्रॅम काढायला कमांड कशाला हवी?

निवांत_पंत
विंडोज लॅपटॉपवर कोणकोणते प्रोग्रॅम भरलेत ते बघायचं म्हटलं की हल्ली कुणीही सांगतं, कमांड प्रॉम्प्ट (टाइप करून हुकूम द्यायची खिडकी) उघड आणि 'डब्ल्यूएमआयसी प्रॉडक्ट गेट नेम' टाक. कशासाठी? सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी आहे, आकारानुसार लावता येते, शेजारीच अनइन्स्टॉल आहे. कमांडचा सोस निव्वळ मिरवण्यासाठी, असं माझं स्पष्ट मत.

लॅबवाली
घरच्या एका लॅपटॉपपुरतं ठीक. कॉलेजच्या लॅबमधल्या प्रत्येक पीसीसमोर बसून मी सेटिंग्ज उघडत बसू का? विंगेट म्हणजे विंडोजचं प्रोग्रॅम टाकायचं-काढायचं कमांडवालं साधन. 'विंगेट लिस्ट'ची यादी फाइलमध्ये उतरवायची, नको त्याचा आयडी 'विंगेट अनइन्स्टॉल'ला द्यायचा, स्क्रिप्ट सगळीकडे चालवायची. विंगेटमधून न टाकलेले प्रोग्रॅमही त्यात दिसतात, बरं का.

जुना_सिसॅडमिन
पंत, तुम्ही दिलेली कमांड वाईटच आहे, पण कारण वेगळं. एक तर ती फक्त एमएसआयवाले, म्हणजे विंडोज इन्स्टॉलरच्या पॅकेजमधून टाकलेले प्रोग्रॅम दाखवते, साध्या एक्सई फाइलने टाकलेले बरेचसे गायब. त्यात यादी बनवताना विंडोज प्रत्येक एमएसआय पॅकेज तपासत बसतं आणि काही बिघडलेलं वाटलं तर दुरुस्तीलाही हात घालतं. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ॲप्लिकेशन लॉग बघा, 1035 क्रमांकाच्या ('प्रोग्रॅम पुन्हा कॉन्फिगर केला' अशा) नोंदींची रांग लागलेली असते. मागितली काय, तर नुसती यादी! चालू सर्व्हरवर हे कुणी केलं तर मी त्याला चहासुद्धा विचारणार नाही. मायक्रोसॉफ्टनेही 2021 पासून डब्ल्यूएमआयसी हे साधनच मोडीत काढायला घेतलंय.

निवांत_पंत
म्हणजे माझंच खरं ठरलं की!

जुना_सिसॅडमिन
छे हो. रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली) 'अनइन्स्टॉल' ही नोंद पॉवरशेलने, म्हणजे विंडोजच्या दुसऱ्या कमांड-खिडकीतून वाचा, 32 बिटवाल्यांसाठी 'वाव6432नोड'खालचीही. नुसतं वाचन, कशाला धक्का नाही. तुमची सेटिंग्जची यादीसुद्धा बरीचशी तिथूनच येते.

उबंटूकर
आमच्या उबंटू लिनक्सवर एपीटी हे प्रोग्रॅम टाकायचं-काढायचं साधन आहे. 'एपीटी लिस्ट --इन्स्टॉल्ड', विषय संपला. 'रिमूव्ह' केलं की सिस्टिमच्या कॉन्फिग फाइल्स मागे राहतात, 'पर्ज' केलं की त्याही जातात. असा फरक तुमचं बटण सांगतं का?

निवांत_पंत
उबंटूकर, 2021 मध्ये यूट्यूबर लायनस सेबॅस्टियनने पॉप ओएसवर (उबंटूवर बेतलेलं लिनक्स) स्टीम हे गेम्सचं ॲप टाकायला घेतलं, तो किस्सा विसरलात? सॉफ्टवेअरच्या दुकानाने एरर देऊन नकार दिला. मग भाऊ टर्मिनलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कमांड-खिडकीत गेले, तिथे 'येस, डू ॲज आय से!' असं टाइप करायला सांगितलं, त्यांनी केलं आणि डेस्कटॉपच उडाला. बटणाने वाचवलं होतं त्यांना.

उबंटूकर
मूळ घोळ स्टीमच्या पॅकेजचा होता. आणि एपीटीने काय काय काढणार ते आधी छापलं होतं. वाचायचं कुणी?

निवांत_पंत
सामान्य माणूस वाचत नाही, हेच तर मी म्हणतोय.

लॅबवाली
पंतांचा एक मुद्दा मान्य. '--सायलेंट' (काही न विचारता काढ) देऊनही काही अनइन्स्टॉलर आपली खिडकी उघडून 'खरंच काढू का?' विचारत बसतात, आणि स्क्रिप्ट तिथेच लटकते. तो दोष प्रोग्रॅम बनवणाऱ्यांचा, पण धावपळ माझी होते.

निवांत_पंत
'विंगेट लिस्ट' चालवून पाहिलं. नावं अर्धवट कापलेली, पुढे टिंबं. आयडीही तसेच. आता काढू काय, कपाळ?

लॅबवाली
खिडकी रुंद करून परत चालवा.