मदत हवी आहे: शोरूमचा माल चोरीला गेला, पैसे आमच्या पगारातून

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत एका ब्रँडेड कपड्यांच्या शोरूममध्ये दीड वर्ष सेल्सला आहे. एसीतली नोकरी म्हणून आईला कौतुक. दिवसभर टेकायला स्टूलसुद्धा नाही, हे तिला कोण सांगणार! चतुर्थीआधी चाकरमानी आले की कुर्त्यांच्या घड्या घालता घालता रात्रीचे दहा. गणपतीची सुट्टी? नावच काढू नका.

तेही सोसलं. पण यंदा स्टॉक मोजताना तीन जीन्स कमी भरल्या. टॅग तेवढे ट्रायल रूमच्या आरशामागे सापडले, आणि पैसे कापले आम्हा सगळ्यांच्या पगारातून. लेखी काही नाही. 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्यात जादा तासांना दुप्पट मजुरी आहे, ती तर लांबच.

अशी कपात चालते का? आधी एचआरला मेल टाकू की थेट कामगार कार्यालयात जाऊ? नोकरी टिकवायची आहे हो.