मदत हवी आहे: जीएमटीची डिफॉल्ट सेटिंग्ज एकाच स्क्रिप्टला कधी एक, कधी दुसरी का लागतात?

नमस्कार मंडळी,

इथे जीएमटी, म्हणजे जेनेरिक मॅपिंग टूल्स हे कमांड लिहून नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, रोजच्या वापरात असणारं कोणी आहे का? असेल तर प्लीज हे शेवटपर्यंत वाचा. थोडं लांबलंय, पण अर्धी माहिती दिली की मग दहा उलटप्रश्न येतात म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतेय.

मी पुण्यात भूशास्त्रात पीएचडी करतेय. महाराष्ट्रातल्या भूकंपांचे नकाशे काढायचं काम चालू आहे, मुख्य भर कोयना-वारणा भागावर आणि तुलनेला किल्लारी. एक मोठा नकाशा आख्ख्या महाराष्ट्राचा आहे, रेखांश ७२.५ ते ८१ आणि अक्षांश १५.५ ते २२.२, खाली सह्याद्रीचा चढउतार दिसेल असं रिलीफ, त्यावर किनारा, नद्या, धरणं आणि सगळ्यात वर भूकंपांचे गोळे, मॅग्निट्यूडप्रमाणे लहानमोठे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, हे दोन तारा काढून वेगळे दाखवलेत. मग कोयनेचा झूम करून वेगळा नकाशा, त्यात शिवसागर जलाशय स्पष्ट दिसायलाच पाहिजे, कारण गोळे पाण्याच्या कुठल्या बाजूला किती दाट आहेत हाच तर सगळा मुद्दा आहे. देशाची हद्द मात्र मी जीएमटीतली आयती घेत नाही, ती सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळत नाही, त्यामुळे त्याची वेगळी फाइल जोडलीये. हे जाताजाता सांगितलं, नवीन कोणी करत असेल तर लक्षात ठेवा.

स्क्रिप्ट आधीच्या एका सिनियरने लिहिलेल्या आहेत, जुन्या पद्धतीच्या. म्हणजे प्रत्येक कमांडचं आउटपुट त्याच पोस्टस्क्रिप्ट फाइलला के (चित्र अजून संपलं नाही) आणि ओ (आधीच्यावर चढव) हे पर्याय लावून जोडत जायचं. जीएमटी ६ वर त्या व्यवस्थित चालतात. वरती एक ओळ आहे जीएमटी सेटची, त्यात लेबलांचा फॉन्ट आणि साइझ दिलाय, बाकी काही नाही.

आता प्रॉब्लेम. माझ्या लॅपटॉपवर सगळं छान येतं. लॅबच्या कॉमन डेस्कटॉपवर प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन हाताने चालवलं तरी छान येतं. पण त्याच डेस्कटॉपवर रात्री नवीन कॅटलॉग, म्हणजे भूकंपांची यादी, उतरवून नकाशे आपोआप काढायला क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारी सोय) लावलाय, आणि सकाळी येऊन बघावं तर नकाशा ए-फोरच्या बाहेर गेलेला असतो, विदर्भ अर्धा कापलेला. कोयनेच्या झूममध्ये तर सगळे गोळे एकमेकांवर चढून एक काळा गठ्ठा होतो आणि जलाशय त्याखाली गायब. आणखी विचित्र म्हणजे अक्षरं आणि किनाऱ्याची रेघ आहे तेवढीच राहते! नकाशा अवाढव्य आणि त्यावर लेबलं बारीकशी. स्क्रिप्ट तीच, डेटा तोच, मशीनही तेच. हाच प्रकार तोच स्क्रिप्ट एखाद्या नव्या कोऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करून चालवला तरी होतो. आणि अजून एक, काही नकाशांवर चौकटीवरच्या अंशांपुढे ई आणि एन ही अक्षरं येतात, काहींवर नुसतेच आकडे, आणि हे मी स्क्रिप्ट कुठल्या क्रमाने चालवते त्यावर बदलतं असं वाटतंय.

मला एवढंच हवंय की डिफॉल्ट सेटिंग्ज प्रोजेक्टसोबतच राहाव्यात. मी काढू दे, माझ्यानंतरच्या मुलीने काढू दे, रात्री क्रॉनने काढू दे, नकाशा डिट्टो तसाच आला पाहिजे. दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवून गोळ्यांची तुलना करायची असते, तिथे गोळ्याचा आकारच बदलला तर त्या तुलनेला काही अर्थ उरत नाही. जीएमटी ही सेटिंग्ज नक्की कुठून उचलतं आणि ती एका जागी बांधून कशी ठेवायची, हे कोणी नीट सांगेल का?

प्रतिसाद

एवढा त्रास कशाला, क्यूजीआयएसमध्ये करा की. माऊसने सगळं होतं, लेआउट सेव्ह करून ठेवायचा.

प्रतिसाद (धागाकर्ती)

क्यूजीआयएस मी वापरते आणि आवडतंही, पण इथे कॅटलॉग बदलला की सगळे नकाशे परत काढायचे असतात, आणि कुठला नकाशा कसा काढला हे स्क्रिप्टमध्ये ओळीओळीने लिहिलेलं राहतं. रिव्ह्यूअरने विचारलं तर ती फाइलच पुढे करता येते. म्हणून जीएमटीतच हवंय.

प्रतिसाद

ताई, लक्षणं तुम्ही इतकी नीट लिहिलीत की निदान त्यातच आहे. नकाशा आणि गोळे मोठे झाले, पण अक्षरं आणि रेघा तेवढ्याच राहिल्या, बरोबर? जीएमटीत फॉन्टचा साइझ आणि पेनची जाडी पॉइंटमध्ये मोजतात. नकाशाची रुंदी आणि सिम्बॉलचा साइझ मात्र, पुढे एकक लिहिलं नसेल तर, प्रोज_लेंग्थ_युनिट या सेटिंगमध्ये जे असेल त्यात मोजतात. एसआय डिफॉल्टला ते सेंटिमीटर असतं, यूएस डिफॉल्टला इंच. तुमच्या स्क्रिप्टमध्ये मर्केटर प्रक्षेपणाच्या नकाशाची रुंदी नुसती १५ अशी लिहिलेली असणार. १५ सेंटिमीटर ए-फोरच्या २१ सेंटिमीटरमध्ये आरामात बसतात, १५ इंच म्हणजे ३८.१ सेंटिमीटर झाले, विदर्भ जाणारच बाहेर. गोळ्याचं पण तेच, ०.२ सेंटिमीटरचा गोळा ०.२ इंचाचा झाला की अर्ध्या सेंटिमीटरवर गेला, मग कोयनेसारख्या दाट जागी गठ्ठा होणारच.

आता इंच आले कुठून. जीएमटी सुरू होताना आधी स्वतःची मूळ डिफॉल्ट घेतं, मग चालू फोल्डरमध्ये जीएमटी डॉट कॉन्फ नावाची फाइल शोधतं. तिथे नसेल तर होममधल्या, म्हणजे अकाउंटच्या मुख्य फोल्डरमधल्या, डॉट जीएमटी या फोल्डरमध्ये बघतं, तिथेही नसेल तर थेट होममध्ये. पहिली सापडली की तीच घेतं आणि थांबतं. हे महत्त्वाचं आहे, बऱ्याच जणांना वाटतं की तिन्ही फाइली एकत्र करून वाचल्या जातात, तसं नाही होत.

क्रॉन स्क्रिप्ट चालवतो तेव्हा चालू फोल्डर असतो तुमचा होम, प्रोजेक्टचा नाही. नव्या कोऱ्या फोल्डरमध्ये पण जीएमटी डॉट कॉन्फ नसते, म्हणजे तिथूनही शोध घरंगळत होमपर्यंतच जातो. त्यामुळे माझी पैज, त्या कॉमन अकाउंटच्या होममध्ये कोणीतरी कधीतरी ठेवलेली यूएसवाली फाइल पडलेली आहे. होममध्ये उभं राहून जीएमटी गेट प्रोज_लेंग्थ_युनिट असं चालवून बघा, मग प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन तेच चालवा. नंतर जीएमटी डिफॉल्ट्स दोन्हीकडे चालवून आउटपुट दोन फाइलींत घ्या आणि डिफ ही फरक दाखवणारी कमांड लावा, काय काय वेगळं आहे ते सगळं समोर येईल. मूळ फॅक्टरी सेटिंग बघायची असेल तर डिफॉल्ट्सला डी लावायचं.

ई-एन अक्षरांचं कारण वेगळं आहे. जुन्या पद्धतीच्या स्क्रिप्टमध्ये जीएमटी सेट ही कमांड बदल थेट चालू फोल्डरच्या जीएमटी डॉट कॉन्फमध्ये लिहून टाकते. स्क्रिप्ट संपली तरी ते तिथेच राहतं. तुमच्या एखाद्या स्क्रिप्टमध्ये फॉरमॅट_जिओ_मॅप बदललेलं असणार, ती चालली की पुढच्या सगळ्यांना अक्षरं, तिच्या आधी चाललेल्यांना नाहीत. जीएमटी डॉट हिस्टरी पण असंच करते हं, मागच्या कमांडचा आर (नकाशाची हद्द) आणि जे (प्रक्षेपण) लक्षात ठेवते, तेव्हा एका फोल्डरमध्ये दोन स्क्रिप्ट एकदम चालू देऊ नका.

प्रतिसाद (धागाकर्ती)

दादा, तंतोतंत! होममध्ये गेटने इंच दाखवलं आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये सेंटिमीटर. होममधली फाइल खूप जुन्या तारखेची आहे, कोणाची ते कळायला मार्ग नाही, अकाउंट सगळ्यांचंच आहे. डिफ लावल्यावर त्यात पीएस_मीडिया पण लेटर निघालं, म्हणजे कागदही ए-फोर धरत नव्हता. आणि फॉरमॅट_जिओ_मॅप बदलणारी ओळ किल्लारीच्या स्क्रिप्टमध्ये सापडली, शेवटी एफ लावलेला आहे. ती आधी चालली की कोयनेवर पण ई-एन येतं.

होममधली फाइल उडवू का? दुसऱ्या कोणाचे नकाशे तिच्यावर चालत असतील तर त्यांचं बिघडेल अशी भीती वाटतेय.

प्रतिसाद

उडवू नका. तुमच्या कामाला तिच्यापासून सोडवून घ्या, म्हणजे ती असली काय नसली काय.

पहिलं म्हणजे स्क्रिप्टमध्ये जिथे जिथे लांबी आहे तिथे एकक चिकटवून लिहा, नुसतं १५ नाही तर १५ ला लागून सी. गोळ्यांना पण, स्केलबारच्या ऑफसेटला पण. हे कंटाळवाणं काम आहे पण याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही नाही, कारण मग डिफॉल्ट काहीही असो, नकाशा हलत नाही. मी तर एकक न लिहिलेली स्क्रिप्ट कोणाकडून घेतली की आधी तेच करतो.

दुसरं, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एक जीएमटी डॉट कॉन्फ स्वतः लिहून ठेवा आणि गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, घाला. साधी टेक्स्ट फाइल आहे, एका ओळीत एक सेटिंग, नाव, बरोबरचं चिन्ह, किंमत. सगळी यादी असायची गरज नाही, जे तुम्हाला ठरवून हवंय तेवढंच लिहा, म्हणजे लांबीचं एकक, कागद, फॉन्ट, अंशांचा फॉरमॅट, आणि मॅप_फ्रेम_टाइप, कारण काळीपांढरी पट्ट्यांची चौकट की साधी रेघ हे पण त्यातूनच ठरतं. मग प्रत्येक स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत सीडी करून त्या फोल्डरमध्ये जा. क्रॉनचा प्रश्न तिथेच संपतो.

तिसरं, स्क्रिप्टमधल्या जीएमटी सेटच्या ओळी काढा. एखाद्याच कमांडपुरतं काही बदलायचं असेल तर त्या कमांडच्या शेवटी दोन डॅश, सेटिंगचं नाव आणि बरोबर किंमत असं लिहिता येतं. ते त्या कमांडपुरतंच असतं, फाइलमध्ये कुठेही लिहिलं जात नाही.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. त्यात भर म्हणून, वेळ मिळाला की स्क्रिप्ट मॉडर्न मोडमध्ये आणा. जीएमटी ६ मध्ये, २०१९ ला, तो आला. जीएमटी बिगिनने सुरू आणि जीएमटी एंडने शेवट, के-ओची कटकट नाही, कागदाचीही काळजी नाही, चित्र आपोआप नकाशापुरतं कापलं जातं. तुमच्या दृष्टीने मोठा फायदा म्हणजे त्यात जीएमटी सेट फक्त त्या सेशनपुरतं चालतं, एंड झालं की गेलं, पुढच्या स्क्रिप्टवर सांडत नाही. बिगिनला सी लावलं तर कुठलीच जीएमटी डॉट कॉन्फ न बघता मूळ डिफॉल्टपासून सुरुवात होते, मग हवं ते सगळं स्क्रिप्टमध्येच लिहायचं. फक्त एक, मॉडर्न मोडमध्ये अक्षरांचा साइझ नकाशाच्या आकाराप्रमाणे आपोआप ठरतो, त्यामुळे जुन्या नकाशांशी तुलना करायची असेल तर फॉन्ट हाताने ठरवून द्या. पायथॉन येत असेल तर पायजीएमटी बघा, त्यात कॉन्फिग विथ लावून वापरलं की तेवढ्या ब्लॉकपुरतंच सेटिंग बदलतं.

प्रतिसाद (धागाकर्ती)

दोघांचेही मनापासून आभार. एककं लावली, कॉन्फ फाइल गिटमध्ये गेली, आज सकाळी क्रॉनचे नकाशे हाताने काढलेल्यांवर ठेवून बघितले, एकावर एक बसतायत. शिवसागर दिसतोय, त्याच्या दक्षिणेला वारणेकडे गेलेली गोळ्यांची रांग पण सुटी सुटी दिसतेय. मॉडर्न मोडचं आधी कोयनेच्या एका नकाशावर करून बघते.

एक शेवटचं. गावांची नावं मराठीत टाकायची आहेत, कोयनानगर, पाटण, किल्लारी, कारण हे नकाशे तिथल्या शाळांनाही द्यायचेत. टेक्स्टमध्ये देवनागरी दिलं तर कचरा येतो. पीएस_कॅर_एन्कोडिंगमध्ये काही बदलून होईल का?

प्रतिसाद

नाही होणार. त्या सेटिंगमध्ये स्टँडर्ड, आयएसओ लॅटिन वन अशी आठ बिटांची एन्कोडिंग आहेत, युनिकोड देवनागरी त्यात नाही, आणि जोडाक्षरं जुळवायची सोय तर पोस्टस्क्रिप्टच्या त्या फॉन्टमध्ये नाहीच. नकाशा नावांशिवाय काढा, पीडीएफ इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि नावं तिथे वेगळ्या लेयरवर टाका. नकाशाचा साइझ आता पक्का झालाय, त्यामुळे कॅटलॉग बदलला तरी तो लेयर नव्या नकाशावर उचलून ठेवता येईल, गावं जागच्या जागी बसतील. शाळांना द्यायच्या प्रतीत अक्षरं मात्र मोठी ठेवा, मागच्या बाकावरून वाचता आली पाहिजेत.