शाळेची सहल आणि प्राणिसंग्रहालय: तुम्हाला काय आठवतंय?

चिंचबोर
लेकीच्या वर्गाच्या ग्रूपवर काल संमतीपत्र आलं. चौथीची सहल, पुण्यातलं कात्रज. सही करायला पेन घेतलं आणि मन थेट १९९१ सालात जाऊन बसलं.

मीही तेव्हा चौथीत. कात्रजलाच गेलो होतो, पण तेव्हा तिथे नुसतं सर्पोद्यान; वाघ-अस्वलं अजून पेशवे पार्कातच होती. बाईंनी बसमध्येच चिठ्ठ्या उचलायला लावल्या. चिठ्ठीत जो प्राणी निघेल त्याच्यासमोर पंधरा मिनिटं उभं राहायचं आणि दिसेल ते वहीत लिहायचं. शेजारणीला नाग आला, मला मगर. ती ढिम्म हलेना. तोंड वासून दगडासारखी पडलेली. दोन ओळींत माझं लिहून संपलं आणि रडूच फुटलं. बाई म्हणाल्या, "हलत नाही ना? मग का हलत नाही ते बघ."

बघत राहिले. तोंड काही मिटेना. शेवटी झाडलोट करणाऱ्या काकांना विचारलं, हिला भूक लागलीये का? ते म्हणाले, "नाही बाळा, उकडतंय तिला. मगरीला घाम येत नाही. तोंड उघडं ठेवून अंग गार करते. कुत्रं जीभ काढून धापतं की नाही, तसंच."

वही कुठे गेली देव जाणे. काकांचं बोलणं मात्र शब्द न् शब्द लक्षात आहे. त्या दिवशी बाकी काय पाहिलं ते विचारलंत तर सांगता येणार नाही. तुमचंही लिहा ना.

पावसाळी_ढग
पेशवे पार्क म्हणजे फुलराणी, मुलांची छोटी आगगाडी!! १९५६ पासून धावतेय. आई बसली, मी बसलो, माझा मुलगाही बसला. प्राणी गेले, गाडी राहिली.

पांढरा वाघ आठवतो का कुणाला? गजांमागे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत मागे, सतत. मी बाबांना विचारलं, हा काय शोधतोय? बाबा काहीच बोलले नाहीत, हात धरून पुढे घेऊन गेले. तो प्रश्न मी आजही विसरलेलो नाही. कात्रजला आता खंदकापलीकडे मोकळी झाडी आहे, वाघ कधी कधी दिसतच नाही. मुलगा हिरमुसतो. मला मनापासून बरं वाटतं.

डबा_ऐसपैस
सहल म्हणजे तिखटमिठाच्या पुऱ्या आणि खोबऱ्याची वडी. प्राणी नंतर. चिंचबोर, डब्याला काय देणार?

चिंचबोर
पुऱ्याच 😊 पण माझ्या दुपारपर्यंत चामट होतात. उपाय आहे का?

खडू_फळा
मधल्या सुट्टीत लिहितेय, घाईत. बावीस वर्षं शिकवतेय, सहली किती नेल्या मोजल्या नाहीत. प्रत्येक पिंजऱ्यापाशी मी प्राणी कमी आणि डोकी जास्त मोजते. साठ मुलं, आम्ही दोघी. मुंबईच्या राणीच्या बागेत एकदा मोजणी एकोणसाठावरच थांबली, एक मुलगा सापडेना. माझे हातपाय गार पडले. पाणघोड्याच्या डबक्यापाशी एकटाच उभा होता. जवळ घेतलं तर म्हणाला, "बाई, त्याला रक्त येतंय." मीही घाबरले. तिथल्या रखवालदाराने समजावलं की ते रक्त नाही. पाणघोड्याच्या कातडीतून लालसर चिकट द्रव पाझरतो, त्याने उन्हापासून अंग राखलं जातं. मग सगळ्या वर्गाला बोलावून तिथेच खाली बसवलं. बाकी बाग राहिली बघायची. राहू दे.

आणि एक कळकळीची सूचना. बुधवारी जाऊ नका!! राणीची बाग बंद, कात्रजही बंद. आमच्या ओळखीच्या एका शाळेची बस पहाटे चारला गावाहून निघाली आणि कात्रजच्या बंद फाटकापाशी उभी राहिली. लहान लहान मुलं हो. ऐकून पोटात तुटलं.

पावसाळी_ढग
अरेरे. मग काय केलं त्यांनी?

खडू_फळा
सारसबागेत नेलं, डबे खाल्ले, तळ्यातल्या गणपतीचं दर्शन घेतलं. घंटा झाली, पळते.

माळरान
आमी खेड्यातली पोरं. साप म्हंजे काठी, येवढंच ठावं. सातवीत सर्पोद्यान बघितलं. तिथल्या माणसानं चार नावं घोकून घेतली: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. हे मोठे विषारी. घोणशीच्या अंगावर साखळीवानी ठिपके, तीन वळी, आन चिडली का कुकरच्या शिट्टीवानी फुसकारती. धामणीला विष नाय, ती उंदरं खाती. साप दूध पीत नाय हेबी तिथंच कळलं.

दोन म्हयन्यांनी कणगीमागं साप निघाला. आबांनी काठी उचलली. म्या आडवा झालो, आबा मारू नका, धामण हाय. आबा माझ्याकडं बघाय लागले. म्हणले, खात्री हाय? म्हणलं हाय. काठी खाली ठिवली. त्येंनी माझं आयकलं असा तो पयला दिवस. आबा जाऊन अकरा वर्सं झाली.

शेवगा
माळरान, वाचून डोळ्यांत पाणी आलं. सर्पोद्यान उभारणारे नीलिमकुमार खैरे १९८० मध्ये ७२ सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास राहिले होते. साप विनाकारण चावत नाही हे लोकांना दाखवायचं होतं. आमच्या वडिलांच्या तोंडून कितीदा ऐकलंय.

माझं राणीच्या बागेतलं. पेंग्विन बघायला भाचीच्या वर्गाबरोबर मदतीला गेले होते. बाहेर मे महिन्यासारखं उकडत होतं, आत सोळा-अठरा अंश. भाचीने विचारलं, बर्फ कुठाय? फलकावर लिहिलं होतं की हे हम्बोल्ट पेंग्विन, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. घरी आल्यावर तिने नकाशा काढायला लावला, पेरूवर बोट ठेवून बसली. पेंग्विन म्हणजे बर्फच असं मीही चाळीस वर्षं धरून चालले होते.

पण एक सांगू? तिथे प्रत्येक वर्गाला काचेपाशी जेमतेम दोन मिनिटं मिळत होती. "चला चला, पुढे चला." चिंचबोरच्या बाईंसारखी पंधरा मिनिटं कोण देतं आता?

संत्रा_बर्फी
आमच्या नागपुरात महाराजबाग, १८९४ची. शेजारीच कृषी महाविद्यालय. तिथे शिकत होतो तेव्हा रात्री वाघाची डरकाळी खोलीत ऐकू यायची. पहिल्या वर्षाची पोरं उठून बसत. सहलीला दिवसा बघणं वेगळं आणि अंधारात ऐकणं वेगळं बाप्पा. जंगल म्हणजे काय ते मला त्या आवाजाने शिकवलं. माकडांना चिप्स टाकणाऱ्यांना मात्र अजून कोणी अडवत नाही, फार जीव जळतो.

डबा_ऐसपैस
चिंचबोर, कणकेत थोडा रवा आणि चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. घट्ट भिजवा. तळून पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफेनेच चामट होतात.

चिंचबोर
मनापासून आभार. सहल मंगळवारीच आहे, बघून घेतलं. टीचरांना चिठ्ठ्यांचं सुचवलंय. "वेळ मिळाला तर" म्हणाल्या.

चिंचबोर
आली! चिठ्ठ्या काही झाल्या नाहीत. पुऱ्या संपल्या. मगरीबद्दल चकार शब्द नाही, सगळा वेळ हत्ती. सोंडेने अंगावर माती उडवत होता म्हणे, वर्ग पुढे गेला तरी ही आणि तिची मैत्रीण तिथेच थांबल्या, ओरडाही खाल्ला. आज सकाळपासून आंघोळीला जायला तयार नाही. म्हणते, किडे चावू नयेत म्हणून हत्ती माती लावून घेतो, मग मला साबण कशाला?