बेकारी 3.2 टक्क्यांवर आली, मग घरोघरी ही धास्ती कसली?

(चर्चेचा धागा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

शिवारफेरी

"देशाचं काही खरं नाही" हे वाक्य सध्या एसटीत, टपरीवर, लग्नाच्या मांडवात, कुठेही कानावर पडतं. त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं: सरकारच्या नियतकालिक श्रमबल पाहणीत बेकारीचा दर 2017-18 मध्ये 6 टक्के होता, 2023-24 मध्ये 3.2 टक्के झाला, मग ओरड कशाची?

माझं म्हणणं असं, की आकडाही खरा आहे आणि धास्तीही खरी आहे. आकडा कसा तयार होतो हे बघितलं की दोन्हींचा मेळ बसतो.

पाहणी करणारा घरी येतो आणि घरातल्या प्रत्येकाला एक क्रमांक देतो. स्वतःचा धंदा किंवा शेती असेल तर 11. घरच्या शेतात-धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्याला 21. पगारदाराला 31. काम शोधणारा 81, शिकणारा 91, फक्त घरकाम करणारी 92. घरकाम करून सरपण किंवा चारा गोळा करणारी, घरच्यांचे कपडे शिवणारी 93. यातले 91 पासून पुढचे सगळे श्रमबलाच्या बाहेर, म्हणजे ते बेकारही नाहीत आणि कामावरही नाहीत.

आता मराठवाड्यातल्या एखाद्या पदवीधर पोराचं बघा. वर्षातले दहा-अकरा महिने तो अभ्यासिकेत बसून भरतीची तयारी करतो, नोकरी शोधतो. पेरणीला आणि सोयाबीन काढणीला मिळून पस्तीस दिवस घरच्या शेतात राबतो. त्याची मुख्य स्थिती 81, पण वर्षात 30 दिवस किंवा जास्त काम केलं असेल तर ती दुय्यम स्थिती धरली जाते, आणि 3.2 टक्क्यांच्या हिशोबात मुख्य व दुय्यम दोन्ही एकत्र घेतात. म्हणजे हा पोरगा रोजगारात. त्याच्या आईबापाला विचारा, पोरगा कामाला लागला का?

म्हणून दर बघण्याआधी कामाचा प्रकार बघावा. काम करणाऱ्यांमध्ये पगारदारांचा हिस्सा 2017-18 मध्ये 22.8 टक्के होता, 2023-24 मध्ये 21.7. स्वयंरोजगार 52.2 वरून 58.4. ही वाढ फोडून बघितली तर स्वतःचा धंदा करणारे 38.6 वरून 39 वर, म्हणजे जवळजवळ जिथल्या तिथे. बिनपगारी मदतनीस मात्र 13.6 वरून 19.4. जवळपास सगळी वाढ इथेच झाली आहे. शेतीतला हिस्सा 2018-19 मध्ये 42.5 पर्यंत उतरला होता, तो 46.1 वर गेला. ज्या देशाला माणसं शेतीतून कारखान्यात न्यायची आहेत तिथे ती उलटी परत येत असतील, तर त्याला मी घसरणच म्हणेन.

ताळेबंद

क्रमांकांची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मला मान्य नाही.

टक्केवारीचा हिस्सा आणि माणसांची संख्या यांत तुम्ही गल्लत करताय. रिझर्व्ह बँकेच्या क्लेम्स (उद्योगवार उत्पादकता आणि रोजगाराच्या) आकडेवारीत एकूण रोजगार 2017-18 मध्ये 47.5 कोटी आणि 2023-24 मध्ये 64.33 कोटी आहे. 47.5 चे 22.8 टक्के म्हणजे सुमारे 10.8 कोटी पगारदार. 64.33 चे 21.7 टक्के म्हणजे सुमारे 14 कोटी. हिस्सा एका टक्क्याने घटला, पण पगारदार माणसं तीन कोटींहून जास्त वाढली. घसरण कुठे आहे यात?

हिस्सा घटला तो छेद, म्हणजे एकूण काम करणारे, वाढल्यामुळे, आणि छेद वाढला तो बायकांमुळे. 15 वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमबलातला सहभाग 23.3 टक्क्यांवरून 41.7 वर गेला, ग्रामीण भागात 24.6 वरून 47.6 वर. गावात राहणारी बाई पहिल्यांदा कामात मोजली गेली तर ती शेतीतच मोजली जाणार. त्यामुळे शेतीचा हिस्सा वाढलेला दिसतो. पुरुष कारखाने सोडून नांगराला जुंपले गेले असं त्यातून सिद्ध होत नाही.

दुसरं, लोक खातात-पितात काय तेही बघा. घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भागात दरमहा दरडोई खर्च 2011-12 मध्ये 1,430 रुपये होता, 2023-24 मध्ये 4,122. 2011-12 च्या किमतींनी मोजला तरी 2,079. त्यातला अन्नावरचा वाटा 52.9 टक्क्यांवरून 47 वर आला. पोटापलीकडे खर्च करायला हात मोकळा होत चालला की हा वाटा उतरतो. घसरणाऱ्या देशात तो उतरत नाही.

पांढरीची वाट

पण सरकारनेच एप्रिल 2025 मध्ये बेकारी 5.1 टक्के असल्याचं सांगितलंय. म्हणजे वर्षभरात 3.2 वरून 5.1. याला घसरण नाही म्हणायचं तर काय?

ताळेबंद

नाही, ही तुलना करू नका. 3.2 हा मागच्या 365 दिवसांचा हिशोब आहे, 5.1 हा मागच्या सात दिवसांचा. सात दिवसांच्या मोजणीत एका दिवशी एक तास काम केलं तरी माणूस कामावर धरतात, पण हंगाम नसेल तर शेतातली माणसं त्या आठवड्यात रिकामी सापडतात, म्हणून हा दर नेहमीच चढा असतो. 2023-24 चा सात दिवसांचा दर 4.9 होता. शिवाय जानेवारी 2025 पासून नमुना निवडायची पद्धत बदलली आहे, त्यामुळे 4.9 आणि 5.1 हेसुद्धा सरळ शेजारी ठेवता येत नाहीत.

उंबरठा

बायकांचा विषय निघालाच आहे तर तिथेच थोडं थांबू या, सगळं भांडण खरं तर तिथेच अडलंय.

एक बाई पहाटे उठून गोठा झाडते, चारा कापून आणते, दूध काढते, मग स्वयंपाक, मग शेतात खुरपणी. पाहणी करणारा दारात येतो तेव्हा उत्तर अनेकदा घरातला पुरुष देतो. "ती घरीच असते" असं तो म्हणाला आणि पुढे चारा-सरपणाचं सांगितलं, तर क्रमांक 93 पडतो आणि बाई श्रमबलाबाहेर जाते. तोच प्रश्न नीट खोदून विचारला, दूध संकलन केंद्रावर जातं हे कळलं, शेतातले दिवस मोजले, तर 21 पडतो आणि ती कामकरी होते. बाईचा दिवस तोच. म्हणून 23 वरून 41 ही उडी म्हणजे सगळ्या नव्याने कामाला लागलेल्या बायका असं धरू नये. काही भाग नीट मोजल्याचा आहे आणि ते चांगलंच झालं.

पण राहिलेला भाग खरोखर वाढलेल्या कामाचा आहे, आणि ताळेबंद यांनी त्याचं कौतुक करण्याआधी हातात पैसे किती पडतात ते विचारावं. 21 क्रमांकाच्या बाईला स्वतःचा रुपया मिळत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीचा एकच कोयता धरतात, उचल नवऱ्याच्या नावावर आणि हिशोब टनावर. बाई निम्मं काम करते आणि पाहणीत ती कामकरी म्हणून येतेही, पण तिची वेगळी मजुरी कुठल्याच वहीत नसते. सहभाग वाढला याचा आनंद मलाही हवा आहे. तो बाईच्या खात्यात दिसला की मानेन.

शिवारफेरी

ताळेबंद, तुमचीच रीत पूर्ण करून बघू. मदतनीसांना तोच गुणाकार लावा. 47.5 चे 13.6 टक्के म्हणजे साधारण 6.5 कोटी, 64.33 चे 19.4 टक्के म्हणजे साधारण 12.5 कोटी. एकूण वाढ 16.8 कोटींची, त्यात बिनपगारी 6 कोटी आणि पगारदार 3 कोटी. एका पगारामागे दोन बिनपगारी. आणि क्लेम्सचा रोजगार हा काही स्वतंत्र साक्षीदार नाही. याच श्रमबल पाहणीतली प्रमाणं लोकसंख्येच्या अंदाजाला लावून तो काढतात. पाहणीने बाईला 93 मधून 21 मध्ये नेलं की क्लेम्समध्येही ती आपोआप "नवा रोजगार" होते.

उपभोगाच्या पाहणीबद्दलही एक अडचण आहे. 2022-23 पासून एकाच घरी एका भेटीऐवजी तीन भेटी देतात आणि वस्तूंची यादीही मोठी केली आहे. लांबलचक प्रश्नावली एका बैठकीत भरताना माणूस कंटाळून जे गाळतो ते आता पकडलं जातं. 1,430 ते 2,079 मधला किती भाग खरा आणि किती पद्धतीचा, हे त्या आकड्यातून सांगता येत नाही.

आणि कमाई? 2024-25 च्या आर्थिक पाहणी अहवालातलेच आकडे. महागाई वजा करून पगारदार पुरुषाची महिन्याची सरासरी कमाई 2017-18 मध्ये 12,665 रुपये होती, 2023-24 मध्ये 11,858. स्वयंरोजगार करणाऱ्या पुरुषाची 9,454 वरून 8,591. सहा वर्षांत देशाचं उत्पन्न वाढलं आणि याच्या खिशातले महिन्याला आठशेहून जास्त रुपये गेले. "पूर्वी भागायचं, आता भागत नाही" असं जे माणसं म्हणतात ते याच तक्त्यात लिहिलेलं आहे.

ताळेबंद

त्याच तक्त्यातली तिसरी ओळ तुम्ही सोडलीत. रोजंदारीवरच्या पुरुषाची दिवसाची खरी मजुरी 203 रुपयांवरून 242 वर गेली, बाईची 128 वरून 159. सगळ्यात खालच्या माणसाची मजुरी वाढली आणि मधल्याची अडकली. हे दुखणं आहे हे मी मान्य करतो, पण ते मधल्या थराचं आहे. या चर्चेत लिहिणारे आपण बहुतेक त्याच थरातले, म्हणून आपल्याला सगळा देशच खाली चालल्यासारखा वाटतो. बिगरशेती पगारदारांत लेखी करार नसलेल्यांचं प्रमाण 71.1 टक्के होतं, ते 58 वर आलं. हीसुद्धा कामाच्या दर्जाचीच मोजपट्टी आहे, आणि ती सुधारली आहे.

मदतनीसांच्या गुणाकाराला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तो बरोबर आहे.

बाशिंग

करार सुधारले, पण श्रमबल पाहणीच्या 2023-24 च्याच अहवालात पगारी रजा नसलेले 47.3 टक्के आणि कसलीही सामाजिक सुरक्षा नसलेले 53.4 टक्के आहेत, आणि सामाजिक सुरक्षेचा आकडा 2017-18 मध्ये 49.6 होता, म्हणजे तो बिघडला. म्हणूनच पोरं सरकारी भरतीवर तुटून पडतात. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांना दहा लाखांहून जास्त अर्ज आले. 2024 च्या पोलीस भरतीत 17,471 जागांना साडेसतरा लाखांच्या वर. पोलीस भरतीत शंभरांतला एक लागतो आणि नव्याण्णव वय वाढवून परत येतात. शिकलेल्याला काम मिळणं जास्त कठीण हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2024 च्या भारत रोजगार अहवालातही दिसतं: 2022 मध्ये पदवीधर तरुणांत बेकारी 29.1 टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत 3.4. गरिबाला रिकामं बसणं परवडत नाही, म्हणून तो मिळेल ते काम धरतो.

एका गोष्टीवर मात्र जपून बोलावं. गावाकडे पोरांची लग्नं जमत नाहीत हे सगळं बेकारीच्या खात्यावर टाकू नका. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात अविवाहित तरुण बाशिंगं बांधून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले, त्यामागे मुलींची घटलेली संख्याही होती. शून्य ते सहा वयोगटात बीड जिल्ह्यात दर हजार मुलांमागे मुली 2001 मध्ये 894 होत्या, 2011 मध्ये 807. आज लग्नाला आलेली पोरं 2001 च्या मोजणीतली आहेत. 807 वाली पिढी आत्ता कुठे विशीत येतेय. उद्या नोकऱ्या आल्या तरी हा ताण येणारच आहे आणि आणखी घट्ट होणार आहे, कारण तो सोनोग्राफीच्या खोलीत तयार झालाय.

पांढरीची वाट

माझी 3.2 आणि 5.1 ची तुलना चुकली, मान्य. मग सामान्य माणसाने बघायचं तरी काय? दरवेळी कुणी नवा आकडा तोंडावर मारतो.

शिवारफेरी

बाशिंग यांचा मुद्दा घेतो, लग्नाचा धागा मी यात ओढणार नाही.

वार्षिक अहवाल आला की पहिलं पान, बेकारीचा दर, तात्पुरतं उलटून पुढे जा. कामाच्या प्रकाराचा तक्ता काढा. पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या बघा, नाहीतर ताळेबंद म्हणतात तो छेदाचा घोळ होतो. त्यात मदतनीसांचा हिस्सा आणि पगारदारांचा हिस्सा नोंदवा. मग कमाईचा तक्ता घ्या. तो चालू किमतींत असतो, म्हणून दोन वर्षांमधली महागाई त्यातून काढल्याशिवाय तुलना करू नका. बहुतेक बातम्या इथेच चुकतात, रुपये वाढले की "कमाई वाढली" छापतात. आणि वर्षाच्या दराशेजारी वर्षाचाच दर, आठवड्याच्या शेजारी आठवड्याचा.

ताळेबंद यांच्यासाठी: मदतनीसांचा हिस्सा 19.4 वरून पुन्हा 13-14 पर्यंत आला आणि त्याच वेळी बायकांचा सहभाग 40 च्या वर टिकला, म्हणजे त्या बिनपगारी कामातून निघून पगारावर किंवा स्वतःच्या धंद्यात गेल्या, तर माझं घसरणीचं म्हणणं चुकलं असं मी याच धाग्यावर लिहीन.

ताळेबंद

ही कसोटी मला मान्य आहे. फक्त त्यात रोजंदारीची ओळही ठेवा. 242 ची मजुरी पुन्हा खाली गेली, तर तेव्हा मी तुमच्या बाजूने लिहीन.