मुक्तस्रोत गणिती सॉफ्टवेअर: चुली किती मांडायच्या?

रंकाळाकाठ: राजारामपुरीत बी.एस्सी.च्या मुलांना गणित शिकवतो. दरवर्षी तोच प्रश्न: गणितं सोडवणाऱ्या फुकट, खुल्या सॉफ्टवेअरपैकी सेज शिकवू, मॅक्सिमा की सिम्पाय? माझं मत स्पष्ट आहे, ही फाटाफूट महागात पडते. विल्यम स्टाइन यांनी 2005 साली सेज आणलं ते मॅग्मा, मेपल, मॅथेमॅटिका, मॅटलॅब या विकतच्या चौघांना मुक्त पर्याय म्हणून. सगळी ताकद तिथंच लागायला हवी होती. अ‍ॅक्सिअम या अशाच गणिती सॉफ्टवेअरचं बघा. मुक्त झालं आणि 2007 मध्ये त्यातून फ्रायकॅस, ओपनअ‍ॅक्सिअम वेगळे झाले. माणसं मोजकी, चुली तीन.

पेठेतला: सर, नाही पटलं. सेजच्या पोटात काय आहे? बरीचशी संकलनं (इंटिग्रेशन) मॅक्सिमा करतं, गटांचं गणित गॅप, संख्या सिद्धांतासाठी पारी. पारी फ्रान्समधल्या बोर्डोत 1985 पासून, गॅप जर्मनीतल्या आखेनमध्ये 1986 पासून. ही आपापल्या जागी वाढली, म्हणूनच स्टाइनना सगळं शून्यापासून लिहावं लागलं नाही. आपल्या तालमी ईर्ष्येनं खेळतात म्हणून कोल्हापुरात फुटबॉल जिवंत आहे. सगळ्यांचा एकच संघ केला असता तर शाहू स्टेडियम भरलं असतं का?

रंकाळाकाठ: तालमीमागं अख्खी पेठ असते. इथं कित्येकदा एकच माणूस असतो. मॅक्सिमा सांभाळणारे विल्यम शेल्टर 2001 मध्ये वारले, तेव्हा सगळंच संपलं असतं.

उद्यमनगरकर: पण संपलं नाही, मुद्दा तोच आहे. मूळ मॅकसिमा (Macsyma) हे वेगळं, एमआयटी या अमेरिकन विद्यापीठातलं, 1968 चं. शेल्टर यांनी 1982 पासून त्याची एक प्रत जपली, तीच पुढं मॅक्सिमा (Maxima), आणि 1998 मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडून ती जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुली करायची परवानगी मिळवली. म्हणून त्यांच्यामागं दुसऱ्यांना काम उचलता आलं. विकलं जाणारं मॅकसिमा मात्र बाजारातून गेलं. गॅपचंही तसंच, 1997 मध्ये आखेनहून स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला रीतसर सोपवलं. चुली किती हे मी मोजत नाही, वारस कोण ते बघतो. आमच्या कारखान्यात ऑक्टेव्ह हे मॅटलॅबसारखं मुक्त सॉफ्टवेअर वापरतो ते याच भरवशावर.

रंकाळाकाठ: परवान्याचं मान्य. पण पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीवर यायला सेजला 2020 उजाडलं. हात कमी पडतात हो!

पेठेतला: मग मुलांना सेजच द्या, पण एक तास नुसत्या मॅक्सिमावर घ्या. आत कोण राबतंय ते कळू दे.

रंकाळाकाठ: तास घेतो. एका चुलीचा आग्रह मात्र सोडत नाही.